चंडीगडचे रस्ते, अठरा घोडे आणि एक पीळ

पुण्याच्या पेठांत किंवा साताऱ्याच्या आळ्यांत वाढलेला माणूस चंडीगडला प्रथमच गेला, म्हणजे पहिल्या सकाळी त्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. येथे रस्ता वळतच नाही. समोर पाहावे तो एक सरळ पट्टा, दोहो बाजूंना झाडांच्या रांगा, आणि पुढे कोठेतरी एक वर्तुळाकार चौक. त्या वर्तुळाला अर्धी प्रदक्षिणा घालून पुन्हा सरळ निघावे, तो पुढे तसाच दुसरा चौक. गाव चुकण्याची सोय नाही आणि म्हणूनच पाहुणा हटकून चुकतो. कारण सगळे चौक त्याला सारखेच दिसतात.

या सरळपणामागे एक मोठी दुःखद घटना आहे. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानीच उरली नाही. शिवालिकच्या पायथ्याशी नवी जागा निवडण्यात आली. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी या दोघांनी केला. पण १९५० साली नोविकी विमान-अपघातात मृत्यू पावले. मग १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे हे काम आले. त्यांनी नगराचे आयताकृती विभाग, म्हणजेच सेक्टर, आखले. प्रत्येक सेक्टर ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब. दूरच्या महामार्गापासून घराच्या दारापर्यंत आणि हिरवळीतील पायवाटेपर्यंत रस्त्यांच्या सात श्रेणी ठरविल्या. सायकलीसाठी आठवी श्रेणी मागाहून आली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्घाटन झाले.

मी चंडीगडला गेलो तो मात्र स्थापत्य पाहण्यासाठी नव्हे. माझी थोरली बहीण तेथे राहते. तिचे यजमान मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी दक्षिणेकडील एका सेक्टरात लहानसे घर घेतले आणि तेथेच स्थायिक झाले. ताईचा दूरध्वनी आला, तो असा: “अरे, या घरात आठ दिवस बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत. तू शास्त्राचे लेख भाषांतरित करतोस ना? मग ये आणि या दोघांना काय ते समजावून सांग.”

भांडण होते मोटारसायकलीवरून. भाच्याला पहिलीच नोकरी लागली होती, ती हिमाचलच्या हद्दीवरील परवाणूच्या एका कारखान्यात. घरापासून सुमारे तीस किलोमीटर. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा रात्री दहाला सुटणारी. भाऊजींचे म्हणणे असे की, घरात बुलेट आहे, ती घे. १९९८ साली फिरोजपूरला नेमणूक असताना त्यांनी ती कँटीनमधून घेतली होती. पंधरा वर्षांनंतर तिची नोंदणी नव्याने करून घेतली आणि आजही दर रविवारी ते ती स्वतः पुसतात. मुलाला ती देणे म्हणजे काय देणे, हे सांगण्याची त्यांची रीत नव्हती. ते एवढेच म्हणाले, “फुकट मिळते आहे, कर्ज कशाला काढायचे?”

भाच्याने परिपत्रके उघडून माझ्यासमोर ठेवली. “मामा, तुम्हीच बघा. बाबांची गाडी ३४६ घनसेंटीमीटरची आणि शक्ती किती, तर अठरा अश्वशक्ती. मला हवी ती ड्यूक २००. आपल्या पुण्याजवळ चाकणला होते. आकार दोनशेचा, आणि शक्ती पंचवीस. निम्म्याहून थोड्या मोठ्या एंजिनातून सात घोडे जास्त!”

भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, “त्याला विचारा, टॉर्क किती आहे.”

परिपत्रकात तोही आकडा होता. बुलेटचा ३२ न्यूटन-मीटर, मिनिटाला ३००० फेऱ्यांना; आणि ड्यूकचा १९ हून किंचित अधिक, ८००० फेऱ्यांना. म्हणजे एका आकड्यात मुलगा जिंकत होता आणि दुसऱ्यात बाप. निवाडा मी करायचा.

येथे मला एक कबुली द्यावयास हवी. काही महिन्यांपूर्वी आमच्या मासिकातील एका लेखाच्या भाषांतरात ‘टॉर्क’ आणि ‘पॉवर’ हे दोन्ही शब्द आले होते, आणि मी दोहोंसाठी ‘शक्ती’ हाच शब्द घालून मोकळा झालो होतो. फिटरचे काम करणाऱ्या एका वाचकाने पोस्टकार्डावर विचारले, “दोन्ही शक्तीच असतील, तर आकडे वेगवेगळे का?” त्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते, कारण उत्तर मला येत नव्हते. ताईच्या घरी ते पोस्टकार्ड मला आठवले आणि निवाडा करण्याआधी शिकले पाहिजे, असे मनाने घेतले.

जात्याचा खुंटा

सुदैवाने शिकविणारा माणूस जवळच भेटला. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात भाऊजींच्या ओळखीचे एक वृद्ध सरदारजी मिस्त्री आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा पोऱ्या एका गंजलेल्या नटाशी झटत होता. पान्याला सर्व बळ लावूनही नट हलेना. मिस्त्रींनी काही न बोलता एक हातभर लांबीचा लोखंडी पाइप उचलला, पान्याच्या दांड्यावर चढविला आणि टोकाला एका हाताने दाब दिला. नट कुरकुरला आणि सुटला. मग त्यांनी पाइप काढून टाकला आणि आखूड पान्यानेच भराभर फिरवून नट बाहेर घेतला.

“हाच तुमचा टॉर्क,” पाइपाकडे बोट दाखवून ते हिंदीत म्हणाले, “आणि नंतर मी जे भराभर फिरवले, त्यात वेग आला. दोन्ही मिळून काम झाले.”

आपल्या घरातील जाते आठवावे. खुंटा पाळीच्या कडेजवळ बसविलेला असतो. तोच मध्याजवळ बसविला, तर त्याच हाताने जाते फिरणार नाही. हाताचा जोर आणि खुंट्याचे मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार, तोच टॉर्क. एक न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला सुमारे शंभर ग्रॅम वजन टांगल्याने मध्यावर पडणारा पीळ. या हिशेबाने बुलेटचे ३२ न्यूटन-मीटर म्हणजे दांड्याच्या टोकाला टांगलेले सव्वातीन किलो बटाटे. ऐकून भाऊजींचा चेहरा थोडा उतरला. त्यांना तो आकडा फार मोठा वाटत आला होता. पण हा जोर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत टिकतो, हे विसरता कामा नये.

आता शक्ती. जात्यावर दोन स्त्रिया सारख्याच जोराने खुंटा ओढीत असल्या, तरी जिची पाळी दुप्पट वेगाने फिरते तिचे पीठ दुप्पट पडते. म्हणजे पीळ गुणिले फेरे, ही शक्ती. अठराव्या शतकात जेम्स वॅट यांना आपली वाफेची एंजिने विकावयाची होती. गिऱ्हाइके विचारीत, हे यंत्र किती घोड्यांचे काम करील? तेव्हा त्यांनी एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे ठरविले. मेट्रिक पद्धतीतील अश्वशक्ती तिच्याहून किंचित लहान आहे आणि आपल्याकडील मोटेच्या भाषेत सहज सांगता येते: ७५ लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर वर आले, की एक अश्वशक्ती.

मिस्त्रींच्या दुकानातील पाटीवर भाच्याने सूत्र लिहिले: न्यूटन-मीटर गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ७१२०, बरोबर अश्वशक्ती. बुलेटचे ३२, त्याला ३००० ने गुणले आणि भाग दिला. उत्तर आले साडेतेरा. ड्यूकचे १९, त्याला ८००० ने गुणले. उत्तर एकवीसहून अधिक. “बघा!” तो म्हणाला.

“आता आपल्या गाडीला तीन हजारांवर आण,” मिस्त्री म्हणाले.

भाच्याने गणित मांडले. त्या एंजिनाचा पीळ सर्वांत जास्त आठ हजार फेऱ्यांना असतो, म्हणजे तीन हजारांना तो १९ हून कमीच असणार. तरीही पुरते १९ धरले, तर उत्तर येते आठ. एकीकडे साडेतेरा घोडे, दुसरीकडे फार तर आठ. आठ दिवसांत प्रथमच भाचा वडिलांकडे पाहून किंचित हसला.

सारख्या पिस्टनांची गोष्ट

असे का व्हावे? याचे उत्तर दोन्ही एंजिनांच्या मापांत लपलेले आहे. बुलेटच्या पिस्टनाचा व्यास ७० मिलिमीटर, ड्यूकचा ७२. म्हणजे ढकलणारा तळहात जवळजवळ सारखा, किंबहुना नव्या गाडीचा थोडा मोठाच. पण बुलेटचा पिस्टन ९० मिलिमीटर वर-खाली जातो आणि ड्यूकचा फक्त ४९. क्रँकच्या दांड्याची लांबी या अंतराच्या निम्मी असते: एकीकडे ४५ मिलिमीटर, दुसरीकडे साडेचोवीस. जात्याचा खुंटा एकात कडेला बसविला आहे, दुसऱ्यात मध्याजवळ.

मात्र याचा अर्थ लांब दांडा नेहमीच श्रेष्ठ, असा नव्हे. लांब पल्ल्याचा पिस्टन दर फेऱ्यात अधिक धावतो. त्याला मिनिटाला दहा हजार फेरे घ्यावयास लावले, तर त्याची हाडे खिळखिळी होतील. आखूड पल्ल्याचा पिस्टन तेवढे फेरे सुखाने घेतो. शिवाय नव्या एंजिनात हवा आत घेण्याचे आणि धूर बाहेर टाकण्याचे मार्ग ऐसपैस असतात. ते वेगात मोकळा श्वास घेते. म्हणून त्याची शक्ती वरच्या फेऱ्यांत साठलेली असते. जुन्या एंजिनाचा श्वास वेगात कोंडतो. म्हणूनच बुलेट ५६२५ फेऱ्यांना अठरा अश्वशक्तीवर पोहोचते आणि तेथेच थांबते. जड फ्लायव्हीलमुळे तिची चाल संथ पण अखंड राहते. तोच तो “दुग-दुग” आवाज, ज्यावर सारा पंजाब लुब्ध आहे.

या आवाजाला इतिहासही आहे. स्वातंत्र्यानंतर पश्चिम सीमेवर गस्त घालण्यासाठी सैन्याला भक्कम मोटारसायकल हवी होती, आणि इंग्लंडची ही गाडी पसंत पडली. १९५५ साली मद्राससाठी भागीदारी होऊन तिरुवोत्तियूर येथे तिचे उत्पादन सुरू झाले. इंग्लंडमधील मूळ कारखाना पुढे बंद पडला. गाडी मात्र भारतात चालू राहिली. भाऊजींनी सीमेवर जी चालविली ती सरकारी बुलेट. घरची बुलेट घेतली, ती त्या दिवसांच्या आठवणीने.

चौक ते चौक

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोन्ही गाड्या घेऊन निघालो. ड्यूक भाच्याने मित्राकडून मागून आणली होती. ऊन चढण्यापूर्वीचा मध्य मार्ग पाहण्यासारखा असतो. सेक्टरची बाजू आठशे मीटर किंवा बाराशे मीटर. तेवढेच अंतर चालावे आणि चौक यावा. चौकात वेग वीस किलोमीटरवर उतरतो, आणि बाहेर पडताना पुन्हा पन्नासावर न्यावा लागतो. कॉर्ब्युझिए यांनी मोटारसायकलीचा विचार केला असेल किंवा नसेल. पण त्यांच्या आखणीने चंडीगडच्या मोटारसायकलस्वाराचे एंजिन दर मिनिटा-दोन मिनिटांनी मंदावते आणि पुन्हा उचलले जाते.

या उचलण्यातच टॉर्कची खरी परीक्षा. भाऊजी तिसऱ्या गिअरमध्येच चौकाला वळसा घालीत आणि मूठ थोडी पिळली, की गाडी काही न बोलता पुढे निघे. भाच्याला प्रत्येक चौकात दोन गिअर खाली यावे लागे. तो आला, एंजिन सहा-सात हजारांवर नेले, की मात्र ड्यूक बाणासारखी सुटे आणि पुढच्या चौकात आमची वाट पाहत थांबलेली असे. गिअर हा त्या मिस्त्रींच्या पाइपासारखाच आहे: चाकाकडील पीळ वाढवितो आणि फेरे घटवितो. शक्ती मात्र तो तिळभरही वाढवीत नाही, आणि म्हणून शेवटी लवकर कोण पोहोचणार, हे शक्तीच ठरविते. भाच्याचे हे म्हणणे बरोबर होते. आणि तेवढी शक्ती काढण्यासाठी सदैव हातापायांची धावपळ करावी लागते, हे भाऊजींचे म्हणणेही बरोबर होते.

मटका चौकात वळून जन मार्गाने आम्ही उत्तरेला कॅपिटलकडे गेलो. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांचा हा परिसर २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला. मार्गदर्शकाबरोबर आत गेल्यावर १९८५ साली उभारलेले ‘उघडा हात’ हे शिल्प दिसते. २६ मीटर उंचीवरचा हा धातूचा प्रचंड पंजा वाऱ्याने फिरतो. त्या सकाळी वारा मंद होता. तरीही आम्ही पाहत असता पंजा हळूहळू, जवळजवळ नकळत, वळला. भाचा म्हणाला, “मामा, हा नुसता टॉर्क. शक्ती जवळजवळ शून्य.” भाऊजी त्याच्याकडे न पाहता म्हणाले, “पण वळला ना?”

तेथून जवळच रॉक गार्डन आहे. बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी नोकरीचे तास सोडून, सायकलवरून दगड आणि टाकाऊ वस्तू वाहून आणून ते अनेक वर्षे गुपचूप रचले. १९७६ मध्ये ते लोकांना खुले झाले. एका सायकलस्वाराची शक्ती ती किती! पण काम म्हणजे शक्ती गुणिले वेळ, आणि वेळ त्यांनी हातचा न राखता दिला.

कसौलीचा चढ

खरा कस चढावर लागणार होता. रविवारी ताईने डबा भरला आणि तीही निघाली. मुलाच्या मागे मीच बसणार, असा तिचा हट्ट होता. मी भाऊजींच्या मागे बसलो. पंचकुला मागे पडले, आणि परवाणूपर्यंतच्या रुंद चौपदरी रस्त्यावर ड्यूक आम्हांला मागे टाकून दिसेनाशी झाली. येथे वारा हाच मुख्य शत्रू. वेग दुप्पट केला, तर वाऱ्याला भेदण्यासाठी आठपट शक्ती लागते, आणि तेथे पंचवीस घोडे अठरांहून पुढे जाणारच. भाऊजी स्वस्थपणे साठाच्या चालीने चालले होते.

परवाणूनंतर डोंगर सुरू होतो. १९०३ साली सुरू झालेली कालका-सिमला रेल्वे मधूनमधून दिसू लागते. कालका ६५६ मीटरवर, सिमला २०७६ मीटरवर, आणि मधले ९६ किलोमीटर ती तेहेतिसास एक एवढाच चढ ठेवीत, वळसे घेत जाते. रस्त्याला एवढा धीर नाही. धरमपूरहून कसौलीचा फाटा लागला आणि चढ व वळणे दोन्ही वाढली.

एका आखूड वळणावर पुढे गेलेली ड्यूक आडवी थांबलेली दिसली. भाचा गप्पांच्या नादात तिसऱ्याच गिअरमध्ये राहिला होता. फेरे घसरले, एंजिन गुदमरले आणि बंद पडले. चूक सर्वस्वी त्याची होती, गाडीची नव्हे. पण मागून बस येत होती, आणि ताई दोन्ही पाय टेकवून गाडी सावरीत होती. बसवाल्याने वेळेवर ब्रेक लावला. भाच्याने पहिला गिअर टाकला, फेरे चढविले, आणि मग तो तो चढ आमच्याहून जलद चढून गेला. वर पोहोचल्यावर ताई पाण्याचा घोट घेऊन एवढेच म्हणाली, “मला तुमचे घोडे नकोत आणि पीळही नको. माझा मुलगा रात्री दहानंतर धडपणे घरी यावा, एवढेच हवे.”

कसौली अठराशे मीटरांहून उंच आहे, आणि चंडीगड सुमारे ३२१ मीटरवर. तेथे हवेचा दाब चंडीगडच्या मानाने सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी. एंजिनही आपल्यासारखेच श्वास घेते. त्यामुळे पीळ आणि शक्ती दोन्ही त्या प्रमाणात घटतात. देवदारांच्या सावलीत डबा सोडून आम्ही तिघे कागदावर हिशेब करीत बसलो. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३३० किलो धरले. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. चढ पंधरास एक धरला, तर दर सेकंदाला ३३० किलो वजन दोन तृतीयांश मीटर वर उचलावे लागते. हे झाले २२० किलोग्रॅम-मीटर. पंचाहत्तरांनी भागले: तीनहूनही किंचित कमी अश्वशक्ती! टायरांचे घर्षण, वारा आणि साखळीतील खर्च धरूनही बेरीज पाचांच्या आसपास.

क्षणभर कोणीच बोलले नाही. अठरा की पंचवीस, यावर आठ दिवस घर पेटले होते. आणि आईला पाठीमागे घेऊन डोंगर चढण्यास पाचच घोडे पुरत होते. प्रश्न तबेल्यात घोडे किती बांधले आहेत, हा नव्हता. हाक मारल्याबरोबर, फारशी धावपळ न करता, पाच घोडे पुढे येतात की नाही, हा होता. टॉर्क, टॉर्क म्हणून लोक ज्याची स्तुती करतात, ती खरे म्हणजे कमी फेऱ्यांत मिळणारी हीच शक्ती.

उतार

उतरताना या गणिताची दुसरी बाजू दिसली. चढताना जे तीन घोडे खर्च होतात, तेच उतरताना परत मिळतात, आणि त्यांना आवरावे लागते. थोडेफार घर्षण व वारा आवरतो. उरलेले एंजिनाने आणि ब्रेकने गिळावयाचे. भाऊजी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होते. बंद मुठीचे एंजिन गाडीला मागे ओढीत होते. तरीही धरमपूरच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून मागचे चाक चाचपले. ड्रम तापला होता. ब्रेकचे शू झिजले होते आणि ते बदलण्याचे त्यांच्याकडूनच राहून गेले होते.

भाचाही थांबला. सुभेदारसाहेबांनी मुलाच्या गाडीच्या डिस्ककडे पाहिले, हात झटकले आणि म्हणाले, “ब्रेक नव्या गाडीचेच चांगले. रात्रीच्या उताराला माझी गाडी तुला द्यायची नाही.” आठ दिवसांत मुलाला उद्देशून उच्चारलेले हे त्यांचे पहिले वाक्य. पुढे त्यांनीच सांगितले की, त्यांच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला आहे. नव्या गाड्यांवर शिकलेला पाय घाईच्या क्षणी चुकीच्या पट्टीवर पडेल. ही गोष्ट त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण आपली गाडी मुलाने नाकारली, या दुःखात ती बोलावयाची राहून गेली होती.

भाच्याने त्यावर असे म्हटले नाही, की मग ड्यूक घेतो. तो हिशेबाचा कागद खिशात घालून मनीमाजऱ्याला गेला आणि मिस्त्रींशी बोलून आला. शेवटी ठरली ती १६० घनसेंटीमीटरची एक मध्यम गाडी. घोडे तिला ड्यूकहून पुष्कळ कमी, पण मधल्या फेऱ्यांत पीळ पुरेसा, पेट्रोल बेताचे, आणि चाक घसरू न देणारे एबीएस बसविलेले. २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरांवरील गाड्यांना ते सक्तीचे झाले आहे. कर्ज निम्म्याने कमी पडले. मिस्त्री म्हणाले होते, “घोडे जत्रेत मोजावेत, बेटा. जू मात्र रोज मानेवर असते.”

बुलेटचे ब्रेक बदलले गेले. आता दर रविवारी सकाळी, रस्ते मोकळे असता, भाऊजी मुलाला उजव्या पायाने गिअर टाकावयास शिकवितात, असे ताईने कळविले आहे. दोघांत मतभेद आहेतच. पण ते बोलून होतात.

परत आल्यावर मी त्या फिटर वाचकास उत्तर लिहिले आणि मासिकात चूक-दुरुस्तीही दिली. ‘पॉवर’ला शक्ती हा शब्द ठीकच आहे. ‘टॉर्क’ला हिंदीत बल-आघूर्ण म्हणतात, तो शब्द शास्त्राला शोभतो, पण जात्यावर बसलेल्या बाईला तो परका वाटेल. मी ‘पीळ’ हा शब्द सुचविला. दोरीला घालतात तो पीळ, नटाला देतात तो पीळ, मूठ पिळतात तीतलाही पीळच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हटवादी माणसाला उद्देशून वापरतो. कसौलीच्या उतारावर तापलेल्या चाकाशेजारी उभे असलेले सुभेदार मला आठवतात, आणि वाटते, पीळ असावा. फक्त तो कोठे सैल करावयाचा, हे चढापेक्षा उताराने शिकवावे लागते.